मुलांच्या हाडांतील पू : ओळख व उपचार

(प्राथमिक शिक्षकांच्या आरोग्यविषयक वर्गापुढे कुर्ला येथील एका वैद्यकीय व्यावसायिकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हाडात पू होतो हे ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटते. गळू कातडीस व्हावे, पू कानात व्हावा, हे आपण नित्य पाहतो. परंतु हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू, तिला रोग तो कसला होणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक हाड हे शरीराच्या इतर भागांइतकेच जिवंत आहे. त्यात रक्त खेळते, ते झिजते, भरून येते, मोडले तर पुन्हा सांधते. मूल उंच होते ते त्याची हाडे वाढतात म्हणूनच होते. जेथे वाढ अधिक तेथे रक्ताचा पुरवठा अधिक, आणि जेथे रक्त जाते तेथे रक्ताबरोबर जंतूही जाऊन पोहोचतात. ह्या रोगास शास्त्रीय भाषेत अस्थिमज्जाशोथ असे नाव आहे. त्याच्या जुनाट स्वरूपास आपल्याकडील वृद्ध माणसे हाड्याव्रण म्हणतात.

हा विषय वैद्यांच्या सभेत न मांडता आपल्यापुढे मांडण्याचे कारण असे की, हा मुख्यत्वे वाढत्या वयाचा रोग आहे, आणि तो सहज बरा होण्याचा काळ अवघ्या चार-पाच दिवसांचा असतो. त्या चार-पाच दिवसांत मूल डॉक्टरपुढे नसते. ते घरी असते किंवा आपल्या वर्गात असते. मी कुर्ल्यास व्यवसाय करतो. कोकणातून येणाऱ्या कित्येक गाड्या येथील लोकमान्य टिळक टर्मिनसला येतात, घाटावरच्या लोकांचे आप्त येथील चाळींतून राहतात, आणि शीवचे मोठे महानगरपालिका रुग्णालय येथून एकाच स्थानकाच्या अंतरावर आहे. त्यामुळे खेड्यात दुखणे हाताबाहेर गेले की मूल काका-मामाच्या आश्रयाने कुर्ल्यास येते. ते येते तेव्हा बहुधा तिसरा किंवा चौथा आठवडा चालू असतो. पहिल्या आठवड्यात त्याच्यासमोर कोण होते, असा प्रश्न मनात येतो, आणि म्हणूनच आज आपल्याशी बोलावेसे वाटले.

प्रथम रोग कसा जडतो ते पाहू. मुलाच्या अंगावर कोठेतरी लहानशी जखम असते. पिकलेली पुळी, चिघळलेली खरूज, टाचेची भेग, किंवा ठेच लागून निघालेले नख. पुष्कळदा अशी जखम सापडतही नाही. तेथून पुंजगोलाणू नावाचे जंतू रक्तात शिरतात. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घोसासारखे दिसतात म्हणून त्यांस हे नाव. इंग्रजीत त्यांना स्टॅफिलोकॉकस म्हणतात. निरोगी माणसाच्या कातडीवर व नाकातही ते राहतात आणि एरवी उपद्रव देत नाहीत. गळवातील जंतू आणि हाडाच्या पुवातील जंतू एकच आहेत, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर ह्याने १८८० साली दाखवून दिले. हाडातील हा रोग म्हणजे हाडाच्या मगजात झालेले गळूच होय, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि तो आजही खरा आहे.

लांब हाडांच्या टोकांशी, जेथे वाढ चालू असते तेथे, बारीक रक्तवाहिन्या केसांच्या आकड्याप्रमाणे वळलेल्या असतात आणि त्यांतून रक्त सावकाश वाहते. पुराचे पाणी वळणावर संथ झाले की गाळ जसा तेथे बसतो, तसे जंतू ह्या वळणांत बसतात. म्हणून हा रोग गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या खाली नडगीत, आणि त्याखालोखाल खुब्याशी व दंडाच्या हाडात अधिक आढळतो. मुलींपेक्षा मुलांत तो अधिक होतो. पडल्याझडल्याने मुका मार बसला असेल, तर त्या जागी जंतूंना आश्रय मिळणे अधिक सोपे जाते, असे दिसते.

आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्यावी. कातडीखाली पू झाला तर कातडी ताणते, फुगते, अखेर फुटते. हाड ताणत नाही. चहूबाजूंनी भिंती असलेल्या खोलीत पू कोंडतो, त्याचा दाब वाढतो, आणि त्या दाबाखाली हाडाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या मिटतात. रक्त बंद झालेला हाडाचा तुकडा मरतो. पुढे पू भिंत भेदून हाडावरील पातळ आवरण उचलतो, त्यामुळे आणखी रक्तपुरवठा तुटतो. मेलेल्या तुकड्यापर्यंत रक्त पोहोचत नाही, आणि औषध तर रक्तावाटेच जाणार. म्हणजे पहिल्या दिवसांत जे औषध रोग मुळासकट घालवू शकते, तेच तीन आठवड्यांनंतर दाराशी उभे राहते, आत जाऊ शकत नाही. ह्या रोगात काळाला एवढे महत्त्व आहे ते ह्यासाठी.

लक्षणे सांगतो. मुलाला ताप येतो. कधी फणफणून, कधी बेताचा. एका पायात किंवा हातात वेदना सुरू होते, ती सतत असते, आणि रात्री मूल झोपत नाही. मूल पाय टेकण्यास नकार देते, अथवा लंगडत चालते. दुखणारा भाग ते हलवू देत नाही. आणि सर्वांत मोलाची खूण अशी की, हाडाच्या टोकाशी एका ठरावीक जागी आपण बोटाचे टोक अलगद टेकविले तरी ते कळवळते. सूज आणि लाली मागाहून येतात. त्यांची वाट पाहत बसू नये. तान्ह्या मुलात तर ताप नसतोही. लंगोट बदलताना ते किंचाळते आणि एक पाय लुळा पडल्यासारखा ठेवते, एवढेच दिसते. आपल्या विद्यार्थ्यांची धाकटी भावंडे शाळेच्या ओट्यावर असतातच, म्हणून हेही सांगितले.

पाय दुखण्याची कारणे अनेक आहेत, ह्याची मला जाणीव आहे. प्रत्येक लंगडणारे मूल रुग्णालयात पाठवावे असे मी म्हणत नाही. पाय मुरगळला असेल तर दुखणे पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असते व दिवसेंदिवस उतरते, आणि ताप नसतो. काही मुलांचे पाय संध्याकाळी दुखतात, दोन्ही पाय दुखतात, आई चोळून देते आणि सकाळी मूल हुतुतू खेळावयास हजर. ह्यात भीतीचे काही नाही. घसा धरून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन एक सांधा सुजला, तो उतरला की दुसरा सुजला, असे होत असेल तर तो संधिज्वर असू शकतो. त्याने हृदयाच्या झडपा बिघडतात, तेव्हा त्यासही डॉक्टर हवाच, पण तो रोग वेगळा. ज्या मुलात दुखणे एकाच जागी आहे, दिवसेंदिवस वाढते आहे आणि जोडीला ताप आहे, ते मूल त्याच दिवशी डॉक्टरकडे गेले पाहिजे. दुसऱ्या दिवशी नव्हे.

एक उदाहरण देतो. नावगाव सांगत नाही. डोंगरकपारीच्या एका खेड्यातील चौथीतला मुलगा खोखो खेळताना पडला. दोन दिवसांनी नडगी दुखू लागली, ताप आला. घरच्यांनी हाडवैद्याकडे नेले. त्याने तेल लावून जोराने चोळले आणि बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या. सहाव्या दिवशी तालुक्याच्या गावी क्ष-किरण चित्र काढले, ते निर्दोष निघाले, आणि हाड मोडलेले नाही ह्या आनंदात मंडळी घरी परतली. पुढे दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी ताप थोडा उतरला. तिसऱ्या आठवड्यात नडगीवर फोड येऊन फुटला. मग मूल कुर्ल्यास चुलत्याकडे आले. त्याच्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या, मेलेला हाडाचा तुकडा काढावा लागला, आठ महिने गेले. पाय वाचला. वर्ष मात्र बुडाले, आणि तो पाय किंचित आखूड राहिला.

ह्या हकिकतीत कोणी दुष्ट नाही. हाडवैद्याने जे शिकला ते केले. मोडलेली साधी हाडे बसविण्यात ह्यांपैकी काहींचा हात खरोखर चांगला असतो, हे मी नाकारीत नाही. परंतु ताप असलेल्या मुलाचे दुखरे हाड चोळणे म्हणजे पू पसरविण्यास मदत करणे होय. बिब्बा घालणे, डाग देणे, गरम लेप बांधणे, हे सारे त्याच जातीचे. त्याने कातडी भाजते आणि खरी खूण झाकली जाते.

क्ष-किरण चित्राविषयी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे, कारण येथेच शिकलेली माणसेही फसतात. ह्या रोगात हाडातील बदल चित्रावर दिसू लागण्यास सुमारे दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणजे ज्या दिवसांत उपचार सर्वाधिक गुणकारी, नेमके त्याच दिवसांत चित्र स्वच्छ दिसते. चित्र निर्दोष आहे ह्याचा अर्थ हाड मोडलेले नाही एवढाच घ्यावा. लवकर निदान करण्यासाठी रक्ताची तपासणी करतात. श्वेतपेशींची संख्या, इएसआर आणि सीआरपी ह्यांवरून दाह किती आहे ते समजते. रक्त जंतुसंवर्धनासाठी पाठविले तर कोणता जंतू आणि त्यावर कोणते औषध चालते हे कळते. एमआरआय नावाच्या चुंबकीय चित्रणात हाडातील बदल काही दिवसांतच दिसतो. सोनोग्राफीने हाडाभोवतीचा व खुब्यातील पू दिसतो. मात्र दुकानातून आणलेल्या प्रतिजैविकाच्या चार गोळ्या मूल आधीच प्याले असेल, तर पुष्कळदा संवर्धनात जंतू उगवत नाही आणि डॉक्टरास अंदाजाने चालावे लागते. ताप उतरतो, रोग आत राहतो. अशा अर्धवट औषधाचे आणखीही एक अनिष्ट फळ आहे, ते पुढे सांगतो.

उपचार दोन प्रकारचे. पू झालेला नसेल तर औषधे, आणि पू झाला असेल तर औषधांबरोबर शस्त्रक्रिया. प्रथम शिरेतून प्रतिजैविके देतात. ताप उतरला, दुखणे कमी झाले, रक्ततपासणी सुधारली, म्हणजे बहुधा काही दिवसांतच तोंडाने औषध सुरू करतात. एकूण औषध साध्या रोगात तीन-चार आठवडे, गुंतागुंत असेल तर त्याहून पुष्कळ अधिक काळ चालते. येथे आपले साह्य लागते. मूल दहाव्या दिवशी हसतखेळत घरी येते, आणि आईबाप औषध बंद करतात. शाळेत आल्यावर गोळी घेतलीस का, एवढे आपण विचारले तरी पुष्कळ काम होते.

ही औषधे नव्हती तो काळ फार दूरचा नाही. त्या काळी ह्या रोगाने ग्रासलेल्या दर पाच मुलांमागे निदान एक दगावे, आणि जगलेल्यांपैकी कित्येक जन्मभर वाहणारा व्रण घेऊन वावरत. आपल्या सुश्रुतसंहितेत अशा खोल, नळीसारख्या वाहणाऱ्या जखमेस नाडीव्रण म्हटले असून तिची खोली तपासण्यासाठी एषणी नावाची सळई सांगितली आहे. अमेरिकेत विल्यम बेअर नावाच्या शल्यवैद्याने १९२८ नंतर अशा मुलांच्या जुनाट जखमांत माशीच्या अळ्या सोडून त्यांच्याकडून मृत मांस खाववून घेतले; ऐकून किळस येते, पण त्याला गुण आला. १९२८ सालीच अलेक्झांडर फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडले, १९४१ पासून ते रोग्यांस देण्यात येऊ लागले, आणि चित्र पालटले. आपल्या महाराष्ट्रात पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला, तो मुख्यतः पेनिसिलिनसाठीच. पुढे मात्र पुंजगोलाणू पेनिसिलिनला दाद देईनासे झाले. त्यावर मेथिसिलिन काढले, तर १९६१ पर्यंत त्यालाही न जुमानणारे जंतू आढळले. अर्धवट औषधाचे अनिष्ट फळ म्हणालो ते हेच. प्रत्येक अपुऱ्या मात्रेने आपण जंतूंची शाळाच भरवीत असतो.

खुब्याच्या सांध्याविषयी विशेष सावध राहावे. तेथे मांडीच्या हाडाचे वाढीचे टोक सांध्याच्या आतच असते, त्यामुळे हाडातील पू सरळ सांध्यात उतरतो. सांध्यात पू साचला की मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो, आणि विलंब झाल्यास ते डोके कायमचे नासते. तापलेले मूल पाय किंचित दुमडून बाहेर वळवून पडले आहे आणि सरळ करू देत नाही, असे दिसले तर तासांचाही हिशोब करावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका अशाच प्रसंगासाठी आहे.

हाड मोडून कातडीबाहेर आले, तर बाहेरूनच जंतू आत जाण्यास वाट होते. झाडावरून, बैलगाडीवरून पडून असे अपघात होतात. इकडे रेल्वेच्या व यंत्रांच्या अपघातांत ते नित्याचे आहेत. अशा जखमेत हळद, चुना, राख, शेण, माती काहीही भरू नये. हाड आत ढकलू नये. स्वच्छ पाण्याने माती धुऊन काढावी, धुतलेले फडके झाकावे, पाय आहे त्या स्थितीत फळीशी बांधावा आणि तातडीने रुग्णालय गाठावे. धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. प्रतिजैविक जितके लवकर सुरू होईल, तितका हाडात पू होण्याचा संभव कमी.

ह्याच कुळातील दुसरा रोग म्हणजे हाडांचा क्षय. तो सावकाश चालतो, म्हणून अधिक फसवा. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख ह्याने २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. परंतु मणक्यांच्या क्षयाने येणाऱ्या कुबडाचे व पायांच्या लुळेपणाचे वर्णन पर्सिव्हल पॉट ह्या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ सालीच करून ठेवले होते. हाडांच्या व सांध्यांच्या क्षयात सुमारे निम्मे रुग्ण मणक्यांचे असतात. दाट वस्तीत क्षय लवकर फैलावतो, आणि कुर्ला, गोवंडी ह्या भागांत तर तो आमच्या रोजच्या कामाचाच एक भाग आहे. क्षय गरिबांनाच होतो असे मात्र मानू नये. सुप्रसिद्ध अभिनेते अमिताभ बच्चन ह्यांनी आपणास २००० साली मणक्यांचा क्षय झाला होता व पूर्ण उपचारांनी तो बरा झाला, हे स्वतः जाहीरपणे सांगितले आहे.

वर्गात ह्याची एक खूण हमखास दिसते. जमिनीवर पडलेली पेन्सिल उचलावयाची झाली, तर असे मूल कमरेत वाकत नाही. पाठ ताठ ठेवून, गुडघे दुमडून, एक हात मांडीवर टेकवून ते खाली बसते व पेन्सिल घेते. मानेच्या मणक्यांचा क्षय असेल तर ते हनुवटी हातावर तोलून धरते. संध्याकाळी कणकण येते, वजन घटते, रात्री झोपेत मूल दचकून ओरडते. पाठ कित्येक आठवडे दुखत आहे अशी तक्रार लहान मुलाने करणे ही मुळातच असाधारण गोष्ट आहे. तिला आळस समजून कवायतीत ओढू नये. वेळीच ओळखल्यास केवळ औषधांनी बहुतेक मुले बरी होतात. औषध सुमारे वर्षभर, कधी दीड वर्ष घ्यावे लागते व ते सरकारकडून मोफत मिळते. पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. घरातील मोठ्या माणसांपैकी कोणास जुना खोकला आहे का, ह्याचीही चौकशी व्हावी, कारण मुलाला क्षय बहुधा घरातूनच मिळतो.

ठाणे, पालघर, नंदुरबार, गडचिरोली ह्या बाजूंच्या आदिवासी पाड्यांवर व आश्रमशाळांत काम करणाऱ्या शिक्षकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सिकलसेल नावाचा रक्तदोष असलेल्या मुलांच्या हाडांत मधूनमधून अतिशय वेदना होतात, आणि त्याच मुलांस हाडात पू होण्याचा धोकाही इतरांहून अधिक असतो. त्यांच्यात विषमज्वराच्या जातीचे जंतूही हाडात सापडतात. नेहमीचेच दुखणे आहे, असे म्हणून ताप असलेल्या सिकलसेलच्या मुलास वसतिगृहात झोपवून ठेवू नये.

आपल्याकडून काय व्हावे, असे कोणी विचारील. मी एका चिठ्ठीचे उदाहरण देतो. एका शिक्षिकाबाईंनी तिसरीतल्या मुलीबरोबर चिठ्ठी पाठविली होती. तीन दिवस ताप आहे, उजव्या गुडघ्याच्या खाली एकाच जागी बोट लावू देत नाही, कालपासून पाय टेकत नाही, अद्याप कोणतेही औषध दिलेले नाही, एवढाच मजकूर होता. निम्मे निदान त्या चार ओळींत झालेले होते. मुलीच्या हाडातील पू लहानशा शस्त्रक्रियेने काढला, पाच आठवडे औषध चालले, आणि दिवाळीच्या सुटीनंतर ती वर्गात बसली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, तेव्हा लंगडणारी व पाठ न वाकविणारी मुले त्यास आवर्जून दाखवावी. परंतु तापाचे दुखणे पथकाच्या फेरीची वाट पाहत नसते. ते त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि तेथून सांगतील तर जिल्हा रुग्णालयात गेले पाहिजे.

आपल्यापैकी काहींनी लेखी प्रश्न दिले आहेत. त्यांतील दोन घेतो.

पहिला प्रश्न असा की, हाडाचा क्षय झालेल्या मुलास वर्गात बसू द्यावे काय. क्षय केवळ हाडात असेल आणि फुप्फुसात नसेल, तर त्या मुलापासून इतरांस लागण होत नाही. फुप्फुसे तपासून डॉक्टरांनी सांगितले की त्याने खुशाल वर्गात बसावे. जड दप्तर व कवायत मात्र डॉक्टरांच्या अनुमतीपर्यंत बंद.

दुसरा प्रश्न एका मुलाविषयी आहे. त्याच्या मांडीतील व्रण दोन वर्षे वाहतो आहे, वास येतो, शेजारी कोणी बसत नाही, म्हणून त्याने शाळा सोडली. तो व्रण आत मेलेले हाड आहे म्हणून वाहतो. जोवर तो तुकडा निघत नाही, तोवर मलम लावून किंवा गोळ्या देऊन तो कायमचा बंद होणार नाही. त्यास अस्थिशल्यविभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च निघू शकेल काय, ह्याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. तोपर्यंत रोज धुतलेल्या फडक्याची घडी बदलून घट्ट बांधली, तर वास पुष्कळ कमी होतो व त्याला वर्गात बसता येते. साध्या स्पर्शाने, शेजारी बसल्याने हा रोग दुसऱ्यास जडत नाही. फडके बदलणाऱ्याने साबणाने हात धुवावे, एवढे पुरे. त्या मुलाचे नाव हजेरीपटावरून कमी केले नसेल तर करू नये. शस्त्रक्रियेनंतर तो परत येईल.